तीन पिढ्या सोबत असताना कुठल्या शहरात जावं?

प्रश्न असा आहे: "आम्ही खारघरला राहतो, दीर-जाऊ ठाण्याला घोडबंदर रोडवर. दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून पाच-सहा दिवस एखाद्या शहरात जायचं चाललंय. सासरे ७९, सासूबाई ७४ (दोन्ही गुडघे गेलेले), माझी आई ७०, आम्ही दोघं, दीर-जाऊ आणि मुलं १६, १० आणि ४ वर्षांची. सासूबाईंना काशी हवी, दिरांना जयपूर, मुलांना सिंगापूर, आणि माझ्या मनात म्हैसूर आहे. सगळ्यांना झेपेल असं कोणतं?"

ताई, दहाही जणांना एकाच वेळी एकच गोष्ट आवडेल असं शहर मला अजून सापडलेलं नाही. ते शोधत बसलात तर घरच्या ग्रुपवर महिनाभर लिंका फिरतील आणि तोवर तिकिटं संपलेली असतील. नौपाड्यात माझं छोटं ऑफिस आहे, २२ वर्षं सहलींचीच कामं करतोय. घरच्या घरी निघालेल्या अशा गोतावळ्यासाठी शहर निवडताना मी आधी एवढंच बघतो: तिथे माणसांना सकाळी पांगता येतं का, आणि पांगून दुपारी जेवायला परत एकत्र येता येतं का. बाकी किल्ले, राजवाडे, बाजार सगळीकडे आहेतच.

म्हणूनच तुम्ही थंड हवेचं ठिकाण सोडून शहराचा विचार करताय हे मला आवडलं. महाबळेश्वरला पॉइंट बघायचे म्हणजे सगळे एका गाडीत. ज्याला जायचं नाही तोही गाडीत, कारण हॉटेलवर एकटं बसून करायचं काय? शहरात तसं नसतं. हॉटेल मध्यवस्तीत असलं की एकाला उडप्याकडे, एकाला देवळात, एकाला पुस्तकांच्या दुकानात रिक्षाने जाऊन तासाभरात परत येता येतं.

हे शहाणपण मला गोवळकोंड्याने शिकवलं. धंद्यात नवा होतो. ठाण्याचंच एक कुटुंब घेऊन हैदराबादला गेलो होतो, त्यात ७८ वर्षांचे आजोबा. वरपर्यंत ३६०च्या आसपास पायऱ्या आहेत हे मला माहीत होतं. पण "बघू, जमेल तेवढं चढतील" अशा भरवशावर मी राहिलो. खाली फतेह दरवाज्याच्या घुमटाखाली टाळी वाजवली की वर बाला हिसारला ऐकू येते, त्यामुळे नातवंडं टाळ्या वाजवण्यात दंग, आणि आजोबा दहाव्या-बाराव्या पायरीवर थांबले. "तुम्ही जा, मी बसतो" म्हणाले. आम्ही गेलो. परत यायला अडीच तास लागले. आजोबा एका दगडावर बसून होते, सावली सरकून गेली होती, पाण्याची बाटली रिकामी. रात्री जेवताना नातीने विचारलं, "आजोबा, तुम्ही काय पाहिलं?" ते म्हणाले, "तिकिटाची खिडकी." सगळे हसले, मला मात्र घास गिळवेना. त्याच वेळात त्यांना सालारजंग म्युझियममध्ये सोडलं असतं तर तिथलं संगीत घड्याळ बारा ठोके देताना बघत, बाकावर बसून त्यांचा दिवस सार्थकी लागला असता. तेव्हापासून कुठलंही ठिकाण यादीत घालताना न चढणाऱ्यांनी कुठे बसायचं, तिथे सावली, बाक, चहा आणि संडास आहे का, हे मी आधी लिहून घेतो.

आता तुमची नावं घेऊ.

काशी. सासूबाईंची इच्छा आहे म्हणजे ती व्हायलाच हवी, पण या सहलीत नको. जुन्या काशीतल्या गल्ल्यांमध्ये गाडी जात नाही आणि घाटावर उतरायचं म्हणजे उंच-सखल, ओलसर पायऱ्या. २०२१च्या डिसेंबरात विश्वनाथाचा कॉरिडॉर खुला झाल्यापासून देवळापर्यंत जाणं पूर्वीपेक्षा सुसह्य झालंय, तरी रांगेत उभं राहणं चुकत नाही. चार वर्षांचं मूल आणि गेलेले गुडघे एकाच गल्लीत एकाच वेळी सांभाळायचे म्हणजे तुमची आणि जाऊबाईंची कसली आलीय सुट्टी? शिवाय दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी कार्तिक पौर्णिमेला देवदिवाळी असते, त्या दिवसांत तिथे मुंगीला शिरायला जागा नसते. माझा सल्ला असा की थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारीच्या मध्यानंतर, महाशिवरात्रीची गर्दी टाळून, तुमच्या यजमानांनी किंवा दिरांनी आई-वडिलांना आणि तुमच्या आईला घेऊन वेगळं जावं. चौघंच. अस्सी घाटाजवळ मुक्काम करायचा आणि आरती होडीतून बघायची. सध्याचं विश्वनाथाचं देऊळ १७८० मध्ये अहिल्याबाईंनी बांधलेलं; तिथे त्यांना घाईत नेऊन आणण्यात अर्थ नाही. सासूबाईंना हे आत्ताच, तारखेसकट सांगा. नुसतं "नंतर नेऊ" म्हटलं की त्या वयात माणसं मनाशी काय समजायचं ते समजतात.

जयपूर वाईट नाही. १७२७ साली आखून वसवलेलं शहर आहे, त्यामुळे रस्ते सरळ आणि हॉटेलवर परतणं सोपं. हवामहालाबद्दल लोकांचा गैरसमज असतो. पाच मजली आहे म्हणून आजींना बाहेरच थांबवतात, पण आत वर जायला बहुतेक उतारच आहेत, पायऱ्या फार नाहीत. हळूहळू चढता येतं. जंतरमंतर ही जुनी वेधशाळा जवळपास सपाट, आणि तुमच्या सोळा वर्षांच्या मुलाला मोबाइल खिशात ठेवायला लावेल अशी ती जागा. तिथल्या सम्राट यंत्राची, म्हणजे भल्यामोठ्या सूर्यघड्याळाची, सावली सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते, डोळ्यांदेखत. आमेरला जीप वरपर्यंत नेते, मात्र आतली फरशी आणि चढ-उतार गुडघ्यांची परीक्षा बघतात. माझी अडचण वेगळीच आहे. दिवाळीत जयपूरचे बाजार रोषणाईने इतके सजतात की अख्खा राजस्थान ते बघायला लोटतो. परकोट्याच्या, म्हणजे जुन्या तटबंदीच्या, आत संध्याकाळी गाडी हलत नाही, म्हणजे पांगलेली माणसं जमायला दोन तास. दिरांना सांगा, जयपूर जानेवारीच्या शेवटी.

सिंगापूर म्हणाल तर म्हाताऱ्यांसाठी इतकं सोयीचं शहर मी दुसरं पाहिलेलं नाही. मेट्रोच्या स्टेशनांना लिफ्ट, फुटपाथ सपाट, लिटिल इंडियात इडली-डोसा, थाळी सगळं मिळतं. मुलं खूश. पण दहा माणसांचा खर्च, दहा व्हिसा, त्यात तीन ज्येष्ठांचा प्रवास विमा. आणि पहिलाच परदेश प्रवास असेल तर पासपोर्ट निघण्यापासून सुरुवात, एवढं सगळं दिवाळीपर्यंत उरकायचं म्हणजे दमछाक. आणखी एक प्रश्न मी न लाजता विचारतो, तुम्हीही विचारा: सासरे तंबाखू खातात का, झोपेची गोळी घेतात का? सिंगापुरात चघळायच्या तंबाखूवर बंदी आहे. झोपेच्या काही गोळ्या आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध नेण्यासाठी आधी परवानगी काढावी लागते. बंडीच्या खिशातली चंची विमानतळावर निघाली की शोभा होते. हे पुढच्या वर्षी, निवांत तयारी करून.

म्हणजे राहिलं तुमच्या मनातलं म्हैसूर, आणि तुमचा अंदाज बरोबर आहे असं मला वाटतं.

म्हैसूर आटोपशीर आहे. राजवाडा, प्राणिसंग्रहालय, देवराज मार्केट, रेल्वे म्युझियम, सगळं मध्यवस्तीतल्या हॉटेलपासून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांत. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरहून उंच असल्यामुळे आपल्यासारखा घाम नाही. दसरा टाळायचा, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. दिवाळीत गर्दी असते पण सोसवेल इतकी. ऑक्टोबरच्या शेवटी पाऊस एखादी संध्याकाळ खातो, तेवढ्या छत्र्या घ्या.

वार बघून आखणी करा. शनिवारी पोचा. रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला संध्याकाळी सात वाजता राजवाड्यावर सुमारे एक लाख दिवे एकदम लागतात, पाऊणएक तास राहतात. हा क्षण दहाही जणांनी मिळून बघावा, कारण त्याला चढायचं नाही, चालायचं नाही, पटांगणात नुसतं उभं राहायचं किंवा घडीची खुर्ची टाकून बसायचं. चार वर्षांच्या पिल्लाला त्या दिवशी दुपारी झोपवाच, नाहीतर दिवे लागायच्या वेळी ते खांद्यावर पेंगत असेल. राजवाडा आतून बघायला मात्र सोमवारी सकाळी दहाला, दार उघडल्याबरोबर. जुना लाकडी राजवाडा १८९७ मध्ये जळाला, आत्ताचा १९१२ मध्ये पुरा झाला, तेव्हा आत सगळं ऐसपैस आहे. चपला बाहेर काढाव्या लागतात. दुपारच्या उन्हात बाहेरचा दगड चटके देतो. मधुमेह असलेल्या माणसांना पायाला भाजलेलं कळतही नाही. म्हणून ज्येष्ठांसाठी जाड सुती मोजे पिशवीत ठेवाच.

प्राणिसंग्रहालय १८९२ पासूनचं, झाडी दाट, आणि मंगळवारी बंद. पूर्ण फिरलात तर तीनेक किलोमीटर चाल होते, पण बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आहेत. इथे पांगायचं. दोघे जण मुलांबरोबर आत, बाकीच्यांनी शेजारच्या कारंजी तलावाच्या बागेत बसायचं. तुमच्या आईला आणि सासूबाईंना दोन तास एकमेकींशी बोलायला मिळतील. विहिणींना एरवी लग्नकार्याशिवाय असा वेळ कुठे मिळतो?

चामुंडी टेकडीसाठी बुधवार ठेवा. मंगळवार-शुक्रवार देवीचे, रांग मोठी. वर जायला एक हजाराच्या वर पायऱ्या आहेत आणि गाडीचा रस्ताही आहे. सोळा वर्षांच्या मुलाला बापाबरोबर पहाटे पायथ्याशी सोडा, ते दोघे चढत येतील. वाटेत एकाच दगडात कोरलेला १६ फुटी नंदी लागतो. बाकीचे गाडीने वर, दर्शन झाल्यावर सगळे एकत्र डोसा खायला खाली. त्या पोराला पुढची दहा वर्षं हेच आठवेल, राजवाडा नाही.

सासऱ्यांना इतिहासाची आवड असेल तर एक सकाळ श्रीरंगपट्टणला, जेमतेम १५ किलोमीटर. १७९२ मध्ये टिपूच्या या राजधानीला वेढा पडला तेव्हा हरिपंत फडके मराठी फौज घेऊन इथे आले होते. हे त्यांच्याकडून नातवंडांना ऐकू द्या, गाइड घेऊ नका. वृंदावन गार्डन मी वगळतो. लोक रागावतात, पण कारंजी बघायला अंधारात एवढं चालणं आणि परतताना गाड्यांची ती रांग ज्येष्ठांना नको होते. आणि कोणीतरी तिसऱ्या दिवशी नक्की म्हणेल, "इथवर आलोय तर उटीला जाऊन येऊ." सव्वाशे किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं, मध्ये घाटाची वळणं. एका दिवसात नाही म्हणजे नाही.

दिवसाला ठिकाणं दोनच. एक साडेनऊ ते बारा, दुसरं पाचनंतर. मधली दुपार हॉटेलवर, आणि ज्यांना झोप येत नाही त्यांनी बाजारात जायचं. प्रत्येक वेळी मला ऐकावं लागतं की एवढे पैसे घालून झोपायला जायचं का. हो, जायचं. संध्याकाळी सात वाजता कुरकुर कोण करतं ते बघा, दुपारी न झोपलेला माणूस असतो तो, मग वय चार असो की एकोणऐंशी.

जायचं कसं? मी विमानाने बेंगळुरू आणि तिथून रस्त्याने म्हणेन. रेल्वेने चोवीस तासांच्या आसपास जातात आणि दिवाळीत तिकिटांची मारामारी. उलव्याच्या नव्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, तुम्हाला खारघरहून ते अंगणात असल्यासारखं. मात्र तिकिटावर नुसतं "मुंबई" वाचून निघू नका, कुठला विमानतळ ते जाताना आणि येताना दोन्ही वेळेला तपासा. तुमची गाडी उलव्याला आणि परतीचं विमान अंधेरीला, असं व्हायला नको. पहाटे पाचचं स्वस्त विमान घेऊ नका. घोडबंदरहून निघणाऱ्यांना रात्री एकला उठावं लागेल आणि पहिला दिवस वाया. साडेनऊ-दहाचं घ्या. व्हीलचेअर तिघांसाठीही बुकिंग करतानाच सांगून ठेवा. सासरे म्हणतील, "मला काय धाड भरलीय?" त्यांना सांगा, खुर्चीबरोबर माणूस येतो आणि तो रांगेतून लवकर काढतो. हे पटतं.

बेंगळुरूचा विमानतळ शहराच्या पार उत्तरेला आहे, त्यामुळे म्हैसूरपर्यंत चार तास धरा. २०२३ मध्ये झालेल्या नव्या महामार्गाने रामनगर, चन्नपट्टण, मद्दूर ही गावं बाजूला टाकली आहेत. गाडी सुसाट जाते आणि थांबायचं राहून जातं. ड्रायव्हरला निघतानाच सांगा की मद्दूरला आत वळायचं: वडा, कॉफी आणि संडास. रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणारी माणसं प्रवासात गोळीच चुकवतात किंवा पाणी पीत नाहीत, आणि मग तिसऱ्या दिवशी चक्कर येते. गोळीची वेळ डॉक्टरांना आधी विचारून घ्या. दर दीड तासाला थांबणं हा उशीर समजू नका. चन्नपट्टणला लाकडी खेळणी मिळतात, धाकट्याची सोय झाली.

गाडी एक टेम्पो ट्रॅव्हलर करू नका, दोन इनोव्हा करा. थोडे पैसे जास्त जातात, पण एक गाडी ज्येष्ठांना आणि पेंगुळलेल्या मुलाला घेऊन हॉटेलवर परत जाऊ शकते. शिवाय ट्रॅव्हलरची पायरी उंच. मी एकदा एका आजींना त्या पायरीवर दोन्ही बाजूंनी धरून दिवसातून आठ वेळा चढवलं-उतरवलं, पाचव्या वेळेला त्या म्हणाल्या, "मी आता गाडीतच बसते." त्यांना लाज वाटत होती, गुडघ्यापेक्षा ती जास्त दुखत होती. आता कुठलीही गाडी असो, मी डिकीत घरचा लाकडी पाट ठेवतो. एक पाट खाली ठेवला की उंची निम्मी होते.

हॉटेलचे फोटो बघून भुलू नका, फोन करा. रस्त्यापासून रिसेप्शनपर्यंत पायऱ्या किती? लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबते की अर्ध्या जिन्यावर? बाथरूमच्या दाराशी उंबरा आहे का, कमोडशेजारी धरायला दांडा आहे का? बाथरूमचा फोटो व्हॉट्सअॅपवर मागवा, चांगली हॉटेलं पाठवतात. तुमच्या आईला सासू-सासऱ्यांच्या खोलीत टाकू नका. त्यांना दहा वर्षांच्या नातवंडाबरोबर वेगळी खोली द्या. एक छोटी विजेची किटली, चहापत्ती, आलं. कॉफीच्या मुलखात सकाळी साडेपाचला आल्याचा चहा मिळाला की तीन ज्येष्ठ दिवसभर तुमच्या बाजूने असतात. आणि एकादशी येत असेल तर भिजवायला साबुदाणा न्या, तिथे शोधत फिरू नका.

पैशांचं घरातच, आधी बोला. दोन भावांची मिळकत सारखी नसते, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही. खोल्या, विमान, गाड्यांचा हिशेब आधी वाटून घ्या. रोजच्या जेवणाखाण्यासाठी एक पाकीट करून ते जाऊबाईंकडे द्या. सासऱ्यांना बिल बघू देऊ नका.

म्हैसूर कोणाला लांब वाटलंच, किंवा सुट्टी चारच दिवसांची निघाली, तर माझ्या मनात दुसरं नाव बडोदा. लोक हसतात, "बडोद्याला काय आहे?" सयाजीबाग आहे, त्यात म्युझियम. १८९० चा लक्ष्मीविलास पॅलेस आहे, आणि रिक्षावाल्याशी, दुकानदाराशी सासूबाई मराठीत बोलू शकतील अशी शक्यता चांगली. एक दिवस सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा बघता येतो, तिथे लिफ्ट आहेत. पुतळा आणि पॅलेस दोन्ही सोमवारी बंद. वंदे भारत बोरिवलीला थांबते. घोडबंदरवाल्यांनी गायमुखच्या कोंडीसाठी दोन तास हाताशी ठेवावेत.

रेल्वेने कुठेही जायचं झालं तर एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. ज्येष्ठांसाठी खालच्या बर्थचा जो कोटा आहे, ६०च्या वरचे पुरुष आणि ४५च्या वरच्या स्त्रिया, तो तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तेव्हाच लागू होतो. सगळ्या घराचं तिकीट एकत्र काढलंत तर तुमच्या सासूबाईंना वरचा बर्थही येऊ शकतो. सासू-सासऱ्यांचं वेगळं काढा, आईचं वेगळं. तसंही एका तिकिटावर सहाच माणसं बसतात. आणि ठाण्याला चढू नका. गाडी दोन-तीन मिनिटं थांबते. एका घराला मी ठाण्याहूनच चढवलं, डब्यांचा क्रम उलटा आला, आणि आजोबा बी-एकमध्ये, त्यांची पिशवी आणि नातू बी-सातमध्ये. कल्याणपर्यंत कोण कुठे आहे कळेना. चूक माझी होती. तेव्हापासून म्हातारी माणसं बरोबर असली की मी गाडी जिथून सुटते तिथूनच चढवतो.

आता तारखांचं. तुमची मुलं सीबीएसईला आणि दिरांची स्टेट बोर्डाला असतील तर दोन्ही सुट्ट्या जेमतेम चार-पाच दिवस जुळतात. दोन्ही शाळांची पत्रकं शेजारी ठेवून शनिवारी सुरू होणारा तुकडा शोधा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, विमानाचं तिकीट त्याच्याही आधी काढलेलं बरं. त्यात लक्ष्मीपूजन येत असेल तर सासूबाईंना विचारल्याशिवाय काही बुक करू नका.